पहिल्या गटापासून

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की धुळ्यात सकाळी चहाच्या टपरीवर पहिला विषय थंडीचा. कृषी महाविद्यालयात पारा किती उतरला, पाचावर की सहावर, यावरून वाद. मग कापसाचा भाव, मग हरभऱ्याचं पाणी. बाजारात भरिताच्या वांग्यांचे ढीग लागलेले असतात आणि दर रविवारी कुणाच्या तरी मळ्यात तुराट्या पेटवून भरिताचा बेत ठरलेला असतो. नेमक्या याच दिवसांत जपानची राष्ट्रीय फिगर स्केटिंग स्पर्धा असते. आमच्या घरात आता सगळ्यांना ठाऊक आहे की ते तीन-चार दिवस मी दुपारी कुठल्याही कार्यक्रमाला जात नाही.

जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. तिकडे संध्याकाळी दिवे लागून मोठी नावं बर्फावर उतरतात तेव्हा आपल्याकडे दुपारचा चहा व्हायचा असतो. पण माझी ओढ त्याच्याही आधीची, पहिल्या गटाची. पहिल्या गटात कोण असतं हे सांगितल्याशिवाय ही ओढ कळणार नाही.

या स्पर्धेला महिलांत आणि पुरुषांत साधारण तीस-तीस जण येतात. आधी शॉर्ट प्रोग्रॅम, दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा. त्यातून वरचे २४ जण फ्री स्केटिंगला जातात, तो चार मिनिटांचा. बाकीचे तिथूनच घरी. फ्रीला सहा-सहांचे गट पडतात आणि सगळ्यात खालचे क्रमांक सगळ्यात आधी उतरतात. म्हणजे पहिला गट हा एकोणीस ते चोवीस क्रमांकांचा. यांना पदकाची आशा नसते. जागतिक स्पर्धेच्या संघात यांचं नाव येणार नसतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात यांचा फोटो नसतो.

आणि तरीही इथवर पोचायला त्यांनी काय केलेलं असतं! शरद ऋतूत आधी आपापल्या विभागाची स्पर्धा, टोकियोची वेगळी, कांतो, चुबू, किंकीची वेगळी. त्यातून पुढे पूर्व जपान किंवा पश्चिम जपान. त्यातूनही निवड झाली तर डिसेंबरची ही राष्ट्रीय स्पर्धा. त्या देशात रिंक कमी पडतात, दिवसा तिथे तिकीट काढून येणारी साधी माणसं असतात, त्यामुळे स्पर्धक मुलं पहाटे नाहीतर रात्री उशिरा सराव करतात. शाळा, मग कॉलेज, मग विद्यापीठ. चौथ्या वर्षाला नोकरीचं बघायचं असतं. बहुतेकांचं स्केटिंग तिथेच संपतं, वयाच्या बाविसाव्या वर्षी. त्यांनी स्वतःशी ठरवलेलं असतं, एकदा तरी राष्ट्रीयला जायचं, फ्रीपर्यंत पोचायचं आणि मग बूट काढायचे. चोविसावा नंबर हे कुणाचं तरी पंधरा वर्षांचं ध्येय असू शकतं, हे मला या स्पर्धेनं शिकवलं.

अशीच एक मुलगी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. गडद निळा पोशाख, केस घट्ट बांधलेले. ती बर्फावर आली तशी कठड्यापाशी उभ्या असलेल्या मैत्रिणी तिच्या नावानं ओरडल्या, ‘गाम्बा!’ म्हणजे जोर लाव. वरच्या सज्जाला तिच्या नावाचं कापडी फलक बांधलेलं, बहुधा विद्यापीठातल्या मुलींनीच रंगवलेलं. निवेदकानं नाव घेतलं, विद्यापीठाचं नाव घेतलं. संगीत सुरू झालं. पहिली उडी तिहेरी घ्यायची होती, हवेत शरीर उघडलं आणि दुहेरीच झाली. दुसऱ्या उडीला ती पडली. उठताना तिनं बर्फाला एक हात टेकला, आणि संगीताचा जो ठोका हुकला होता तो पुढच्या दोन पावलांत गाठला. ते गाठणं मी पाच-सहा वेळा मागे नेऊन बघितलं. नंतरचं सगळं तिनं असं केलं की ज्याला उड्यांची नावंही माहीत नाहीत त्यालाही कळावं, या मुलीला इथे असण्याचा आनंद झालाय. शेवटच्या गिरकीनंतर ती थांबली, चारी दिशांना वाकली, मग खाली बसून तळहात बर्फावर ठेवला. सभागृहातले लोक उभे होते. तिचा क्रमांक तेविसावा आला.

थेट प्रक्षेपण आपल्याकडे मिळेलच असं नाही. व्हिडिओ मागाहून सापडतील तसे बघायचे. निकालाचं पान मात्र सगळ्यांना खुलं असतं. आणि त्यात गुणपत्रिका असते. मला ती वाचायला फार आवडते, कारण तिथे एकाही स्केटरला घाऊक मोजलेलं नसतं. प्रत्येक उडी, प्रत्येक गिरकी, प्रत्येक पदन्यास वेगळ्या ओळीत. ओळीत आधी त्या घटकाची मूळ किंमत, पुढे एकेका परीक्षकानं दिलेला दर्जा, उणे पाचपासून अधिक पाचपर्यंत. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा गुण काढून टाकतात आणि उरलेल्यांची सरासरी धरतात. उडीच्या नावापुढे कधी एक बारीक खूण असते. ‘क्यू’ अक्षर असेल तर उडी बरोबर पाव फेरा कमी पडली. एक छोटा कोन काढलेला असेल तर पावापेक्षा जास्त कमी, आणि मूळ किंमतीतला पाचवा हिस्सा गेला. दोन कोन असले तर अर्धा फेरा किंवा त्याहून जास्त, म्हणजे तिहेरी उडी दुहेरीच धरायची. ही पद्धत आली ती २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडीच्या स्पर्धेत परीक्षणाचा घोटाळा झाल्यानंतर. तोवर सहापैकी गुण देत आणि का दिले ते कुणी सांगत नसे. आता तेविसाव्या नंबरच्या मुलीलाही तिचं प्रत्येक पाऊल कितीला गेलं ते कळतं. तिच्या कागदाला पहिल्या नंबरच्या कागदाइतक्याच ओळी असतात. मला यात मोठा सन्मान दिसतो.

मी गुणपत्रिका वाचते, आणि आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, पडदा बघतात. आबा मूळ दोंडाईचाकडचे. शेती बटाईनं दिली आणि हिवाळ्यात गुडघे धरतात म्हणून आमच्याकडे येऊन राहिले. आयुष्यभर त्यांनी सारंगखेड्याची यात्रा चुकवली नाही. दत्त जयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि देशभरातून घोडे येतात. आबांनी घोडा विकत घेतला तो एकदाच, पण घोडे पारखले जन्मभर. तिथे लोक रवाल चालीचा घोडा बघतात, म्हणजे असा की स्वारानं हातात पाण्यानं भरलेला पेला धरला तरी थेंब सांडू नये. तर पहिल्यांदा माझ्याबरोबर स्केटिंग बघायला बसले तेव्हा मी त्यांना उड्या दाखवत होते, ही तिहेरी, ही पुढे तोंड करून मारतात म्हणून अर्धा फेरा जास्त. आबा म्हणाले, “घोडानी चाल देखानी, झूल नही.”

आणि खरोखर, ते दोन उड्यांच्या मधलं बघतात. स्केटच्या पात्याची जाडी चारेक मिलिमीटर, पण ते खालून सपाट नसतं, मधून खोलगट घासलेलं असतं, त्यामुळे त्याला दोन धारा असतात, एक आतली आणि एक बाहेरची. चांगला स्केटर सतत कुठल्या तरी एका धारेवर कललेला असतो. कल जितका खोल तितकं वळण देखणं. आणि वेग येतो तो गुडघ्यांतून, ढकलल्यासारखं दिसताच कामा नये. परीक्षक याला स्केटिंग स्किल्स म्हणतात आणि त्याचे वेगळे गुण देतात. आबांना यातला एक शब्द मी सांगितलेला नव्हता. पण कोबेची काओरी साकामोतो आली तशी ते पुढे सरकून बसले. साकामोतोकडे ट्रिपल ॲक्सल, म्हणजे ती पुढे तोंड करून मारायची साडेतीन फेऱ्यांची उडी, नव्हती, चौपट उडी नव्हती. तिच्याकडे होता तो हा वेग आणि हे वाहणं, आणि त्यावर ती २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं जगज्जेती झाली. आबांनी तिला तिच्या पहिल्या दहा सेकंदांत ओळखलं. पडणाऱ्यांबद्दलही त्यांचं मत ठरलेलं आहे. “पडनी ते पडनी, उठनी कशी ते देख.”

मोठ्या नावांच्या गोष्टीही मला त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेतूनच जास्त कळल्या. माओ आसादाचं घ्या. २००५ च्या डिसेंबरमध्ये पंधरा वर्षांची ही मुलगी जगातल्या सर्वोत्तमांना हरवून ग्रां प्री फायनल ही मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती आणि राष्ट्रीयला दुसरी आली होती. पण वयाच्या नियमात ती ८७ दिवसांनी कमी पडली आणि तोरिनोच्या ऑलिंपिकला जाऊ शकली नाही. पुढे २०१० ला व्हँकुव्हरमध्ये तिनं एकाच स्पर्धेत तीन ट्रिपल ॲक्सल मारल्या, रुपेरी पदक घेतलं. राष्ट्रीय विजेतेपदं सहा. आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये, ओसाकात, त्याच राष्ट्रीय स्पर्धेत ती बारावी आली. गुडघा दुखत होता, वय सव्वीस. तिनं ट्रिपल ॲक्सल सोडून सोपं काही घेतलं असतं तर क्रमांक वर गेला असता. तिनं ती मारली, आणि पडली. पुढच्या एप्रिलमध्ये निवृत्ती जाहीर करताना तिनं लिहिलं की त्या स्पर्धेनंतर तिला धरून ठेवणारं ध्येय उरलं नव्हतं. तो बाराव्या क्रमांकाचा व्हिडिओ मी तिच्या कुठल्याही पदकाच्या आधी बघेन. ज्या उडीनं तिला घडवलं त्या उडीशी ती शेवटपर्यंत इमानानं वागली.

२०१४ ची नागानोची स्पर्धा आणखी वेगळी. जागतिक स्पर्धेचा संघ तिथेच, बर्फावर, प्रेक्षकांसमोर जाहीर करायची जपानी रीत आहे. तात्सुकी माचिदाचं नाव संघात आलं. त्यानं माइक हातात घेतला आणि सांगितलं, मी आज निवृत्त होतोय. प्रेक्षकांत एकदम गलका. तो पुढे विद्यापीठात संशोधनाकडे वळला. त्याच वर्षी तो जागतिक स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आला होता, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या माइकचं वजन कळतं. मला त्या प्रसंगात मोठेपणा वाटतो तो असा, की निरोपासाठी त्यानं जगाचं व्यासपीठ शोधलं नाही. जिथे लहानपणापासून यायचं स्वप्न पाहिलं, तिथल्याच लोकांसमोर तो मोकळा झाला.

आणि युझुरू हान्यू. दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं गाठीशी असताना, २०२१ च्या डिसेंबरमध्ये, साइतामातल्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यानं चौपट ॲक्सल घेतली. साडेचार फेरे. तोवर स्पर्धेत ती कुणालाही जमलेली नव्हती. दोन्ही पाय टेकले, आणि गुणपत्रिकेवर उडीपुढे ते दोन कोन आले, म्हणजे साडेबाराची उडी आठाची धरली गेली. तरी तो जिंकला, ते त्याचं सहावं राष्ट्रीय विजेतेपद. दोन महिन्यांनी बीजिंगला पुन्हा घेतली, पडला, चौथा आला. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या इलिया मालिनिननं ती लेक प्लॅसिडला पूर्ण उतरवली. इतिहासात नाव मालिनिनचं, आणि ते त्याच्या हक्काचं आहे. पण त्या आठ गुणांच्या ओळीकडे मी फार वेळ बघत बसले होते.

हान्यूच्या गावची, सेंदाईची, गोष्ट मात्र पदकांच्या यादीत सापडत नाही. तिथली एक रिंक २००४ साली पैशांअभावी बंद पडली. त्याच शहरात वाढलेल्या शिझुका अराकावानं २००६ ला ऑलिंपिक सुवर्ण आणलं, लोकांनी उचल खाल्ली आणि २००७ ला रिंक पुन्हा उघडली. ११ मार्च २०११ ला भूकंप झाला तेव्हा सोळा वर्षांचा हान्यू तिथेच बर्फावर होता. पायांत स्केट तसेच, तो बाहेर पळाला. रिंक कित्येक महिने बंद राहिली. सरावाला जागा नाही म्हणून त्यानं देशभरच्या साठेक आइस शोंमध्ये भाग घेतला, आणि तोच त्याचा सराव. पुढच्याच वर्षी तो पहिल्यांदा राष्ट्रीय विजेता झाला.

रिंक या गोष्टीकडे मी आता धंद्याच्या नजरेनंही बघते, कारण माझं माहेर बर्फाच्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत होतं. मे महिन्यात खानदेशात ऊन पंचेचाळिसाच्या वर जातं तेव्हा त्या कारखान्यातून सायकलींवर, हातगाड्यांवर बर्फाच्या लाद्या निघायच्या, पोत्यात गुंडाळलेल्या, भुसा लावलेल्या. आत काय चालायचं ते आम्हा पोरांना तोंडपाठ होतं. अमोनियाचा कॉम्प्रेसर, मिठाच्या पाण्याचा मोठा हौद, त्यात बुडवलेले पत्र्याचे उंच डबे. मीठ घातलेलं पाणी शून्याखाली गेलं तरी गोठत नाही, म्हणून ते डब्यातल्या गोड्या पाण्याला गोठवतं. स्केटिंगची रिंकही याच हिशेबानं चालते. काँक्रीटच्या जमिनीत नळ्यांचं जाळं, नळ्यांतून न गोठणारं थंड द्रव्य, वर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवत काही सेंटिमीटरचा बर्फ. लंडनमध्ये १८७६ साली यंत्रानं गोठवलेली पहिली रिंक झाली तेव्हापासून तत्त्व बदललेलं नाही. फिगर स्केटिंगला बर्फ उणे तीन-चार अंशांवर ठेवतात, हॉकीपेक्षा जरा मऊ, म्हणजे धार नीट धरते आणि उडीनंतर पाय टेकताना धक्का कमी बसतो. दोन गटांच्या मधे ती मोठी गाडी फिरते आणि चरे तासून वर गरम पाणी पसरते. कारखान्याच्या गल्लीत वाढलेल्या मला हे समजल्यावर टोकियो, ओसाका एकदम जवळ आल्यासारखं वाटलं. यंत्र आपल्याकडेही आहे आणि ते चालवणारे हातही आहेत.

नैसर्गिक बर्फ म्हणाल तर खानदेशात तो दिसतो एवढाच, की सातपुड्यात डाबकडे कडाक्याच्या थंडीत गवतावरचे दवबिंदू गोठतात आणि पेपरात फोटो येतात. देशात सिमल्याला १९२० पासून उघड्यावरची रिंक आहे, ती रात्री पाणी गोठलं तरच चालते. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी मोठी बंदिस्त रिंक बांधली आणि नंतर ती वर्षानुवर्षं बंद राहिली. त्यामुळे आपल्याकडची बहुतेक मुलं आधी चाकांवरच शिकतात. आमच्या धुळ्यातही तेच.

त्याकडे येते, पण त्याआधी अमेरिकेबद्दल थोडं. तिथली राष्ट्रीय स्पर्धा १९१४ पासूनची, जानेवारीत होते, आणि तिथे एक प्रथा आहे जी मला जपानलाही असावी असं वाटतं. तिथे चौथ्यालाही पदक मिळतं, प्यूटर या करड्या धातूचं, आणि चौघंही व्यासपीठावर उभे राहतात. याचं मोल कळायला निवडीचा हिशेब माहीत हवा. जागतिक स्पर्धेला एका देशाचे एका प्रकारात जास्तीत जास्त तीन जण. तेही सरळ मिळत नाहीत; आदल्या वर्षी त्या देशाच्या वरच्या दोघांच्या क्रमांकांची बेरीज तेरा किंवा त्याहून कमी असेल तरच तीन जागा. म्हणजे चौथ्याचं नशीब नेहमी तिसऱ्याच्या सावलीत. मॅक्सिम नाउमोव २०२३, २०२४ आणि २०२५ अशी ओळीनं तीन वर्षं चौथा आला. २०२५ ची स्पर्धा कॅन्ससमधल्या विचिटा शहरात होती. ती संपल्यावर तिथेच उगवत्या मुलांचं शिबिर झालं, आणि त्याचे आईवडील त्यासाठी मागे थांबले. येवगेनिया शिश्कोवा आणि वादिम नाउमोव, १९९४ चे जोडीतले जगज्जेते, नंतर लहान मुलांना शिकवणारे. २९ जानेवारीला परतीचं विमान वॉशिंग्टनजवळ लष्करी हेलिकॉप्टरला धडकलं. ६७ माणसं गेली, त्यांत २८ जण स्केटिंगच्या घरातले. कुणी प्रशिक्षक, कुणी पालक, आणि कितीतरी लहान मुलं, जी त्या शिबिरासाठी निवडली गेली होती. मॅक्सिम आधीच घरी परतला होता.

पुढच्या वर्षी, २०२६ च्या जानेवारीत, सेंट लुईसला तो पुन्हा उतरला. तिसरा आला. ऑलिंपिकच्या संघात त्याचं नाव आलं. गुणांची वाट बघताना त्यानं आपला लहानपणीचा आईवडिलांबरोबरचा फोटो कॅमेऱ्यापुढे धरला. आबांना मी सगळं सांगितलं होतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “पोरगा उना.” आला पोरगा.

आता आमच्या चाकांबद्दल. आमच्या भागात एका शाळेच्या बास्केटबॉलच्या मैदानावर संध्याकाळी स्केटिंगचा क्लास चालतो. हेल्मेट, गुडघ्यांना पॅड, कोपरांना पॅड, पिवळ्या कोनांभोवती चकरा. काही मुलं क्वाडवर, म्हणजे चार चाकं दोन-दोन करून लावलेली, काही इनलाइनवर. बहुतेकांना शर्यतीच पळायच्या असतात. संगीतावर स्केटिंग करणाऱ्या, आर्टिस्टिकच्या, मुली मोजक्याच. माझी भाची त्यांतली एक, नऊ वर्षांची. ती एका पायावर मागे जाताना श्वास धरते आणि थांबल्यावर सोडते. मी जपानची निळ्या पोशाखातली मुलगी तिला दाखवली, तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, “पडल्यावर हिनं कुठला हात टेकला?” मी मागे नेऊन दाखवलं. डावा. दुसऱ्या दिवशी मैदानावर तिनं तेच करून बघितलं.

गेल्या हिवाळ्यात तिची जिल्ह्याची स्पर्धा होती. शर्यती सकाळी, आर्टिस्टिक शेवटी. पाहुण्यांना यायला उशीर झाला, वेळ गेली, आणि आयोजकांनी ठरवलं की वरच्या गटातल्या मुली संगीतावर करतील, लहान गटानं एकत्र मैदानाला दोन फेऱ्या माराव्यात, प्रमाणपत्र सगळ्यांना मिळेलच. महिनाभर दीड मिनिटाच्या गाण्यावर हात-पाय बसवलेल्या त्या मुली एका रांगेत दोन फेऱ्या मारून आल्या. पालकही काही बोलले नाहीत, ऊन चढलं होतं, सगळ्यांना घरी जायचं होतं. घरी पोचेपर्यंत भाचीला तीन जणांनी एकच प्रश्न विचारला, “नंबर लागला का?” या प्रश्नाचा मला राग येतो. कुणाचाही वाईट हेतू नसतो, प्रेमानंच विचारतात, आणि तरी त्यात त्या मुलीनं काय केलं याला जागाच नसते. आबांनी मात्र तिला समोर बसवलं आणि विचारलं, “गानं वाजनं का तुनं?” वाजलं का तुझं गाणं? ती रडायला लागली.

मला त्या दिवशी जपानची ती भलीमोठी व्यवस्था आठवत होती. तेविसाव्या नंबरच्या मुलीसाठीही नऊ परीक्षक बसतात. तिच्यासाठीही निवेदक पूर्ण नाव घेतो. तिच्यासाठीही बर्फ तासून गुळगुळीत केलेला असतो आणि तिची चार मिनिटं कुणी साडेतीन करत नाही. पदकं कुठून येतात याची कारणं लोक शोधत बसतात, पैसा, रिंक, परदेशी प्रशिक्षक. माझं मत असं आहे की ती या चार मिनिटांतून येतात. पहिल्या गटाची वेळ जो देश पाळतो त्याच्याकडे शेवटच्या गटात साकामोतो उभी राहते, कारण साकामोतोही कधीतरी कुठल्या तरी लहान स्पर्धेत सकाळी सकाळी, रिकाम्या खुर्च्यांसमोर उतरलेली असणार, आणि तिचंही गाणं पूर्ण वाजलेलं असणार.

म्हणून मी, क्लासचे सर आणि चार पालक मिळून आयोजकांकडे गेलो. भांडायला गेलो नव्हतो. तीन गोष्टी मागितल्या. लहान गटाचं आर्टिस्टिक सकाळी पहिलं घ्या. प्रत्येकीचं गाणं पूर्ण वाजवा. मैदानात येताना तिचं नाव आणि गाव माइकवरून सांगा. पहिल्या दोन लगेच मान्य झाल्या. तिसऱ्यावर ते म्हणाले, निवेदक पाहुण्यांबरोबर येतो, सकाळी सातला कोण बोलणार?

आबांनी हात वर केला. पुढच्या स्पर्धेची यादी सरांनी त्यांना मोठ्या अक्षरांत काढून दिली आहे आणि ते रोज सकाळी उन्हात बसून नावं मोठ्यानं वाचतात. शिरपूर, साक्री, पिंपळनेर, नरडाणा. एका मुलीच्या आडनावावर ते अडतात, म्हणून काल त्यांनी तिच्या वडिलांना फोन करून ते नीट विचारून घेतलं.